नोबडीच्या पोटातला 'नाही'

माझी मावशी बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करते. मशीनच्या गोंगाटातही तिची हाक जिन्यापर्यंत पोचते, म्हणून सगळे तिला भोंगा म्हणतात. ती चिडत नाही, उलट ओ देते. मी शाळेत इंग्रजी शिकवते, पण तिच्याइतका हट्टी विद्यार्थी मला अजून मिळालेला नाही.

मजल्याची मुकादम निवृत्त होणार होती आणि ती जागा मावशीला हवी होती. अगदी मनापासून हवी होती, कारण उभं राहून राहून तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि मुकादमाला खुर्ची असते. अडचण एकच. आगीच्या सरावात मजला रिकामा झाला की वॉकीटॉकीवर कळवायचं काम मुकादमाचं, आणि नवे सुरक्षा अधिकारी परभाषिक. त्यांच्याशी बोलायचं तर इंग्रजीतच. पहिल्या सरावात मावशीने छाती पुढे काढून कळवलं, "नोबडी इज नॉट इनसाइड!"

साहेब घाबरून जिन्याकडे धावले. कोणीतरी समजावून सांगितल्यावर परत आले आणि म्हणाले, पुढच्या सरावात नीट कळवलंत तर जागा तुमची, नाहीतर दुसरं कोणी बघू.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती तणतणतच.

"आत कोणी नाही. नोबडी, नॉट. माझं काय चुकलं?"

"मावशी, नोबडीच्या पोटातच 'नाही' आहे. तू वरून आणखी एक घातलास. आत नाही असं कोणीच नाही, असा अर्थ झाला. म्हणजे सगळे आतच!"

"अगंबाई! एकाच जागी दोनदा इस्त्री. करपलं की!"

तिला समजलं. मला मात्र हा नियम इतका छान कधी शिकवता आला नव्हता. मग समबडी झालं: आहे कोणीतरी, पण कोण ते ठाऊक नाही. एनीबडी झालं: आहे का कोणी, तेच विचारायचं. गाडी अडली ती एव्हरीबडीवर.

"सगळे, आणि 'इज'? एवढी माणसं नि मान एकट्याचा?"

"तिथे 'सगळे' म्हणू नकोस, 'प्रत्येक जण' म्हण. एकेक माणूस धर."

"असं होय," ती म्हणाली आणि आपल्या मजल्यावरची माणसं बोटांवर एकेक करून मोजायला लागली.

दुसऱ्या सरावात भोंगा वाजला, म्हणजे खरा भोंगा. मावशी दारादारातून "एनीबडी इनसाइड?" असं ओरडत खाली आली. आवारात माणसं दाटली होती. साहेबांच्या हातात घड्याळ होतं आणि सरावाला ठरलेल्या पाच मिनिटांतलं शेवटचं मिनिट चालू होतं. बाकीच्या मजल्यांनी केव्हाच कळवलं होतं. मावशीला 'नोबडी इज इनसाइड' एवढे तीनच शब्द म्हणायचे होते, पाठ केलेले, अगदी बिनचूक. पण ती एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजत राहिली. सत्तेचाळीस हवे होते, शेहेचाळीस भरले. तिने पुन्हा मोजले. वेळ संपली.

तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "सर, समबडी इज इनसाइड."

"हू?"

"आय डोन्ट नो. बट समबडी."

साहेब स्वतः वर गेले. कोठारात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे, बटणं लावणारी म्हातारी खोकी लावत बसली होती. तिला कमी ऐकू येतं. भोंगा ऐकू आला नव्हता आणि मावशीची हाकसुद्धा! साहेब तिला घेऊन खाली आले. त्यांनी खिशातली मुकादमाची शिट्टी काढून मावशीच्या हातात दिली. हे सांगताना मावशी अजूनही रडते, आणि खरं सांगायचं तर मीही रडते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बटणवालीने तिला कोपऱ्यात गाठलं.

"बाई, माझ्याबद्दल इंग्रजीत काय म्हणालीस गं?"

"समबडी म्हणाले," मावशी तिच्या कानाशी ओरडली.

"म्हणजे?"

"म्हणजे, आहे कोणीतरी."

म्हातारीने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. "अठरा वर्षं झाली इथे," ती म्हणाली. "बरं केलंस सांगितलंस ते."