पद्धत ठरेपर्यंत

एखाद्या गोष्टीची इतक्या पद्धतशीरपणे वाट लावणारा माणूस मुलुंडपासून वर्सोव्यापर्यंत शोधूनही दुसरा सापडायचा नाही. मी हे रागाने म्हणतेय असं कोणाला वाटलं तर त्याला बरोबर वाटतंय. एमएला, समाजशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी, तो माझा जोडीदार होता. जोड्या सरांनी हजेरीपटावरून पाडल्या. वरचं नाव माझं, खालचं त्याचं, झाली जोडी. वर्गात कोणाला त्यात काही खुपलं नाही. हा मात्र उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ही निवड शास्त्रीय नाही.” सर वैतागून म्हणाले, “मग तू काढ चिठ्ठ्या.” तर यानं खरंच काढल्या. चिठ्ठ्या एकसारख्या हव्यात म्हणून पट्टी लावून कागद कापले, घड्या एकसारख्या हव्यात म्हणून पुन्हा घातल्या, आणि अख्खा तास संपता संपता स्वतःच्या हाताने उचललेली चिठ्ठी उघडली तर आत माझंच नाव. “आता ठीक आहे,” म्हणाला आणि समाधानाने खाली बसला. मी तेव्हा पोट धरून हसले होते. पुढे किती रडायचंय ते कळलं असतं तर ती चिठ्ठी तिथेच गिळली असती.

दिसायला उंच, किडकिडीत, आणि पाठीला तीन कप्प्यांची बॅग. एका कप्प्यात कोरे कागद, दुसऱ्यात लिहिलेले, तिसऱ्यात रद्द केलेले. तिसरा कप्पा कायम फुगलेला. कॉलेजच्या गेटबाहेर वडापावच्या तीन गाड्या होत्या. सगळं जग ज्या गाडीवर गर्दी कमी त्या गाडीवर खायचं. याला तिघांमधला चांगला कोणता ते आधी ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तिन्ही गाड्यांवरचा घाणा एकाच वेळी कढईतून बाहेर यायला हवा होता, नाहीतर गार वड्यावर अन्याय होतो म्हणे. तीन वडेवाले काय याच्यासाठी एकमेकांना विचारून वडे तळणार? पहिलं सत्र हा माणूस दुपारचा उपाशी राहिला. एकदा ताप आला तेव्हा घरातल्या दोन थर्मामीटरांचं एकमेकांशी जमेना, म्हणून यानं तिसरं आणलं. तिसरं तिसरंच काहीतरी सांगायला लागलं, तोवर ताप उतरून गेला. “बघ, गोळी घेतली असती तर फुकट गेली असती ना,” असं वर मलाच ऐकवलं. आता अशा माणसावर चिडणार तरी किती? त्याच्यात लबाडी नावालाही नव्हती. खोटं बोलायची वेळ आली असती तरी त्यानं आधी खोट्याचे प्रकार पाडले असते.

विषय माझा होता. वर्सोव्याला आमच्या कोळीवाड्यात मागच्या अंगाला खळं होतं, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. बांबूंवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि मध्ये डोक्याला पदर गुंडाळून बसलेल्या बायका. माझी आई तिथे बसायची, तिच्या आधी तिची सासू बसायची. मी लहानपणी अभ्यास तिथेच केला, त्यामुळे शाळेत माझ्या वह्यांना वास येतो म्हणून कोणी शेजारी बसायचं नाही. तर त्या खळ्यावर गाड्या उभ्या करायची जागा करायचं ठरलं होतं. सरकारी माणसं भिंतीवर नोटीस डकवून गेली. कोणाची हरकत असेल तर महिन्याभरात लेखी द्या, सोबत जागा वापरात असल्याचा पुरावा जोडा. पुरावा म्हणजे काय, तर किती बाया बसतात, कोणत्या महिन्यात, काय सुकवतात. बायका एकत्र जमल्या आणि दोन मिनिटांत उठल्या. वकील नको, पुढारी नको. “आपली पोर कॉलेजात शिकते, तिचा तोच अभ्यास चाललाय, तीच लिवंल,” आई म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला केवढा अभिमान वाटला होता! मी त्याला सांगितलं, तो म्हणाला, “यार, हे तर खूपच महत्त्वाचं आहे. मग तर पद्धत नीटच निवडायला हवी.” तिथेच मला शहाणपण यायला हवं होतं.

आधी प्रश्नावली. बासष्ट प्रश्न, त्यातला चौदावा “आपण हा व्यवसाय का निवडला?” मी म्हटलं, अरे बाबा, इथे कोणी निवडत नाही. तो म्हणाला, “हा तुझा पूर्वग्रह झाला.” घरं कशी घ्यायची, तर दर पाचवं. मी सांगून थकले की कोळीवाड्यात घरं रांगेत नसतात, एकाच घराला तीन दारं असतात आणि एकाच दारातून तीन घरांत जाता येतं. त्यानं ऐकलं नाही, दारं मोजत निघाला. सकाळची वेळ, पुरुष बोटीवर, बायका कोणी बाजारात, कोणी खळ्यावर. अशा वेळी आमच्या आळीची सगळी घरं एकट्या हिरामावशीच्या ताब्यात. कोणाचं दूध बघायचं, कोणाचं पोर बघायचं, कोणाकडे गॅसवाला आला तर उभं राहायचं. पाचव्या दारात हिरामावशी. दहाव्या दारात हिरामावशी, कडेवर वेगळं पोर. पंधराव्या दारात हा पोचायच्या आत मागच्या बाजूने हिरामावशी हजर, आणि न विचारता म्हणते कशी, “हां, बोल, आता काय राह्यलं?” विसाव्या दारातही तीच. चारही घरची उत्तरं तिनं दिली, आणि दर घरी वेगळी दिली, कारण ज्या घरात उभी त्या घरच्या बाईच्या वतीने ती बोलत होती. एवढंच नाही, एका घरी त्या बाईशी तिचं भांडण होतं म्हणून तिची उत्तरं मुद्दाम तिरसट दिली. मी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्याचा चेहरा मात्र सुतकी. “सगळा डेटा बाद,” म्हणाला, आणि बासष्ट प्रश्न गुणिले चार, तिसऱ्या कप्प्यात.

आठवडा गेला. मग मुलाखती. फोनवर रेकॉर्ड करायचं, एका वेळी एकच बाई, बाकी कोणी बोलायचं नाही. कोळणींना बोलू नका म्हणणारा हा पहिलाच. एकीला प्रश्न विचारला की सात जणी उत्तर द्यायच्या, आठवी त्या सातजणींना खोटं पाडायची, आणि जिला विचारलं ती शांतपणे बोंबील उलटत राहायची. त्यानं घरी जाऊन ते सगळं ऐकून लिहून काढलं. मी पानं बघितली. “बाई एक: (अस्पष्ट). बाई चार: तुझ्या तोंडात माती. कावळा. बाई दोन: (हसते). कावळा.” मी म्हटलं, अरे, हे लिहून कोणाला द्यायचंय? तो म्हणाला, “तेच ना. पद्धत चुकली.”

पंधरा दिवस उरले होते. आता निरीक्षण. सकाळी मुलुंडहून निघून, घाटकोपरला मेट्रो पकडून हा नवाच्या आत खळ्यावर हजर. आईने बसायला पाट दिला, हिरामावशीने हातात काठी दिली, म्हणाली बसलाच आहेस तर कावळे हाकल. प्रामाणिक माणूस! तीन दिवस भर उन्हात त्यानं कावळे हाकलले आणि हाकलता हाकलता लिहिलं. आईचा त्याच्यावर जीव जडला तो तेव्हाच. “काय रं मुलुंडवाल्या, जेवलास काय?” असं दर तासाला. नाक मुरडलं नाही, रुमाल तोंडाला लावला नाही, सुक्या जवळ्याची चटणी भाकरीवर घेऊन खाल्ली आणि हात चाटले. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कोणी हे केलं नसतं, हे मला आजही मान्य आहे. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, “एक प्रॉब्लेम झालाय. मी असल्यामुळे कावळे कमी येतायत. कावळे कमी म्हणून बायका जास्त वेळ बसतायत. म्हणजे मी जे बघतोय ते रोजचं नाहीच ना.” मी फोनवर ओरडले. म्हटलं, तुझ्या कावळ्यांना मार गोळी, किती बायका आहेत ते मोज आणि लिही! तो अगदी हळू म्हणाला, “घाईत मोजलं आणि कोणी साहेबाने त्यात चूक काढली, तर? तुझ्या आईला खोटं पाडतील गं.”

आणि मला ते पटलं. खरं दुखणं हे आहे. त्याला शिव्या द्यायला मला सोपं जातं, म्हणून मी देत आले. पण खळ्यावर कोण कोण बसतं हे मला विचारायची कोणाला गरज नव्हती. मी डोळे मिटून सांगू शकले असते, कोण कुठल्या कोपऱ्यात, कोणाचा बांबू कोणता, कोणाची सून कोणाच्या शेजारी बसत नाही. एक वही घेऊन बसले असते तर तासाभरात लिहून झालं असतं. आई रोज विचारायची, “झालं काय गो लिवून?” मी म्हणायची, असं लिहून चालत नाही आई, त्याला पद्धत लागते. दोन वर्षांच्या कॉलेजने मला एवढंच शिकवलं होतं की जे मला ठाऊक आहे ते ज्ञान नव्हे. आई मान हलवायची. तिला वाटायचं, पोर शिकलेली आहे, तिला कळत असेल.

महिना संपला. शेवटच्या दिवशी तो धापा टाकत आला, हातात नवी योजना, म्हणे तिन्ही पद्धती एकत्र वापरल्या की एकीची चूक दुसरी पकडते. मी ती योजना वाचलीही नाही. हरकत गेली ती बायकांच्या अंगठ्यांची आणि सह्यांची, पुराव्याशिवाय. तिचं काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. पुढच्या हंगामाआधी खळ्यावर डांबर पडलं. आता तिथे गाड्या असतात, बऱ्याचशा आमच्याच लोकांच्या, हेही खरंच सांगायला हवं.

प्रोजेक्ट मात्र आम्ही वेळेत दिला. काय दिला असेल? “कोळी समाजाच्या अभ्यासात पद्धत निवडताना येणाऱ्या अडचणी.” हिरामावशीची चार घरं, तुझ्या तोंडात माती, कावळे, सगळं तिसऱ्या कप्प्यातून बाहेर काढून क्रमाने लावलं. वर्गात सगळ्यात जास्त मार्क आम्हाला. सर म्हणाले, पद्धतीवर एवढं प्रामाणिक लिहिलेलं मी कित्येक वर्षांत वाचलं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. मला त्या टाळ्यांची इतकी लाज वाटली की पदवी घ्यायलाही मी गेले नाही. टाळ्या संपल्यावर तो कुठे गेला, तर सरळ आमच्या घरी. आईसमोर उभा राहून म्हणाला, “मावशी, माझ्यामुळे उशीर झाला.” आई म्हणाली, “उभ्यानं काय बोलतोस, बस.” आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. ते बघून मला दोघांचाही राग आला.

याला सात वर्षं झाली. तो अजून मुलुंडलाच राहतो, कुठल्याशा कंपनीसाठी लोक कोणता साबण का घेतात ते शोधतो, आणि स्वतः कोणता घ्यावा हे अजून ठरलेलं नसणार. मी दहिसरला एका शाळेत शिकवते, सुट्टीला माहेरी येते. आमची मासळी आता गच्चीवर, पत्र्यावर, कुठे कुठे वाळते. जागाच नाही म्हणून हिरामावशीने तर सोडूनच दिलं. तो मात्र हंगामात एकदा तरी आईला भेटायला येतो. मला न विचारता येतो, मी असले तरी येतो, नसले तरी येतो. मी ठरवून ठेवलं होतं की एकदा याला समोर बसवून सगळं ऐकवायचं, एकेक आठवड्याचा हिशेब मागायचा. गेल्या डिसेंबरात तशी संधी आली. आम्ही तिघंच घरात, तो जेवत होता, आई भाकरी वाढत होती. वाढता वाढता आईने सहज विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“का रं, तवा तुमाला लिवायचं होतं तरी काय एवढं? आमी हितं बसताव, एवढंच तर लिवायचं होतं.”

मला वाटलं आता काहीतरी समजावून सांगेल, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. तो उठला, मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि हात धूत राहिला. कितीतरी वेळ धूत राहिला. आई माझ्याकडे बघायला लागली, आपण काही वाईट बोललो का, अशा चेहऱ्याने. मी उठून त्याच्यामागे गेले. सात वर्षं घोळवलेलं सगळं ओठावर होतं, पण समोर त्याचे पडलेले खांदे होते. मी नळ बंद केला, त्याच्या हातात टॉवेल दिला आणि म्हटलं, “चल, भाकर गार होतेय तुझी.” तो येऊन बसला. मीही माझं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसले.