थर्कटलसाहेबांचं वर्ज्य मटण

एडगर थर्कटल आमच्या नॉरफोकमधल्या गावात कोर्टाचे कारकून होते. मुलगा खाटकाचा, पण बोलणं असं, की जन्मतःच न्यायाधीशाचा झगा घालून आले असावेत. 'टाळणं' हा साधा शब्द त्यांच्या तोंडाला चालत नसे. ते 'एस्च्यू' म्हणत.

मिसेस पेगडन यांच्या घरी आम्ही दोघं भाड्यानं राहायचो. पहिल्याच रविवारी बाई मटण वाढायला आल्या, तसे थर्कटल म्हणाले, "मॅडम, मटण मी एस्च्यू करतो."

बाई एका कानानं बहिऱ्या. त्या शब्दातलं त्यांना समजलं नुसतं 'च्यू', म्हणजे चावणं. गडी मटणाचा शौकीन दिसतोय, असं समजून त्यांनी दोन तुकडे जास्तच वाढले.

बापाच्या दुकानात उरलेलं खाऊन थर्कटलना मटणाचा वीट आला होता. तरी दर रविवारी ते घाम पुसत ताट संपवायचे. अशी चार वर्षं गेली.

"ही बाई कसला सूड उगवतेय हो?" ते मला कुजबुजत विचारायचे.

"सरळ नको म्हणा की!"

"नको? मी काय हमाल आहे?"

एका ईस्टरला पाद्रीबुवा जेवायला आले. थर्कटलच्या ताटातला ढीग बघून ते हसले. बाई कौतुकानं म्हणाल्या, "आल्या दिवशीच सांगितलं त्यांनी, मटण मी एस्च्यू करतो म्हणून!"

पाद्रीबुवांना ठसका लागला. "अहो बाई, म्हणजे वर्ज्य करतो! जुन्या फ्रेंचमधून आलाय तो शब्द. आपला 'शाय', लाजाळू, त्याचाच भाऊबंद."

बाईंचा चेहरा उतरला. "चार वर्षं मी चांगलं मांस यांच्यासाठी राखून ठेवलं! अहो, तोंडानं नको म्हणायला लाज वाटत होती?"

थर्कटल कानापर्यंत लाल झाले.

पुढच्या रविवारपासून त्यांच्या ताटात उकडलेला कोबी. बाई अबोला धरून वाढायच्या. थर्कटल मान खाली घालून खायचे. महिनाभरात त्यांना मटणापेक्षा कोबीचाच जास्त वीट आला. एका रविवारी मटणाची थाळी त्यांच्यासमोरून माझ्याकडे निघाली, तेव्हा त्यांनी घसा खाकरला. कोर्टातला एखादा भारी शब्द येणार म्हणून मी काटा खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "मला पण द्या ना थोडं."

बाईंनी बहिरा कान फिरवून चांगला कान पुढे केला. "काय म्हणालात? परत म्हणा."