नागपंचमीला अडलेलं मांडूळ

मुलांनो, तुमच्या सापिणीला दिवस गेलेत असं तुम्ही परवा फोनवर सांगितलंत आणि मी एकदम तुमच्या जेवणाखाण्याचं विचारायला लागले. आजीला किळस आली असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. पन्नासच्या दशकात, शाळेत असताना, अंधेरीच्या घरी मीही एक पाळली होती. तिच्याबद्दल मला फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

वडील परसात अळू लावायला खणत होते तेव्हा ते मांडूळ निघालं. बिनविषारी, जाडजूड, शेपूट तोंडासारखीच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. आंब्याच्या पेटीत वाळू घालून मी तिला मागच्या ओट्यावर ठेवलं. सापळ्यातले उंदीर ती खायची. पावसाळ्यात ती फुगली. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतं, हे वडिलांनी पुस्तकात बघून सांगितलं.

तिला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या नागपंचमीला. सकाळी दोन पिल्लं झाली, जिवंत. तिसरं अडलं. दुपारपर्यंत ती नुसती पिळवटत होती, आणि शेजारणी हळदकुंकू, लाह्या, दूध घेऊन ओट्यावर जमल्या होत्या. देव घरबसल्या भेटला होता.

"दूध कुठल्या तोंडाशी ठेवायचं गं?"

"सहा महिने हे, सहा महिने ते. आता कुठलं चालू आहे?"

"तोंड एकच आहे! तिला त्रास होतोय, बाजूला व्हा!" मी ओरडले.

"मोठ्यांशी असं बोलतात?" आई म्हणाली.

मी वडिलांना पिटाळलं. जवळच्या तबेल्यात म्हशी तपासायला येणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांना ते घेऊन आले. डॉक्टरांनी तिचं पोट बोटांनी चाचपलं. "पिल्लू आडवं आलंय. छोटी चीर देऊन बघतो. वाचेलच असं नाही." त्यांनी पिशवीतून पातं काढलं.

आई मध्ये उभी राहिली. "आज आम्ही घरात भाजीसुद्धा चिरत नाही, आणि तुम्ही नागालाच चिरणार? उद्या या."

"उद्यापर्यंत ही राहणार नाही, बाई."

"मग देवाची इच्छा."

मी वडिलांकडे पाहिलं. रोज मला इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावणारे माझे वडील! "तुझ्या आईचा सण आहे," एवढंच ते म्हणाले. डॉक्टरांनी पातं पुसून आत ठेवलं.

गावठाणातली ख्रिस्ती मावशी आमच्या विहिरीवर पाण्याला यायची. मी तिचा हात धरला. "मावशी, तुला कुठे नागपंचमी आहे? तू दे ना चीर."

"मी बोंबील चिरते गो बाय, साप नाय," ती म्हणाली. मग आईकडे बघून, "तुमचा सन पन भारी हाय. पाया पडायचं नि मरू द्यायचं."

आईनं आरती सुरू केली.

संध्याकाळी माझी सापीण गेली. पुरायला मी कुदळ घेतली तर आईनं तीही काढून घेतली. त्या दिवशी जमीनही खणायची नसते. सकाळपर्यंत ती पेटीत तशीच पडून होती, अंगावर हळदकुंकू आणि भिजलेल्या लाह्या. दोन पिल्लं वडिलांनी मागच्या भातशेताच्या बांधावर सोडली.

ते घर आता नाही, शेतंही नाहीत. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिच्यावरचा माझा राग अजून आहे.