मंदाताईंनी न नेलेली बॅग

आमच्या मीरा रोडमधल्या हाटकेशच्या सोसायटीत कुणी गोड बोलत काही विकायला आला, की वॉचमन त्याला आधी दुसऱ्या मजल्यावर मंदाताई खिल्लारेंकडे पाठवतो. त्यांच्याकडून जो टिकून बाहेर येईल, त्याला बाकीच्यांच्या बेल वाजवायची मुभा. फारसं कुणी टिकत नाही.

मंदाताई मूळच्या जिंतूरकडच्या. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर, शशिकांतरावांबरोबर, मुंबईला आल्या. त्या पहिल्याच प्रवासात गाडीत एक बाई भेटली. "मी पण तिकडचीच गं, तू माझी भाचीच लागतेस," म्हणत तिने रात्रभर मंदाताईंना मांडीवर डोकं टेकवून झोपू दिलं. दादरला उतरल्यावर शशिकांतराव टॅक्सी बघायला गेले. बाई म्हणाली, "जा, तोंड धुऊन ये. पिशवी मी बघते." मंदाताई तोंड धुऊन आल्या, तर बाई नाही आणि पिशवीही नाही. पिशवीत आईचा फोटो होता. आईचा दुसरा फोटो कधीच निघालेला नव्हता.

त्यावरून त्या कडवट झाल्या असं मात्र नाही. पुढे मीरा रोडला एका दातांच्या दवाखान्यात त्यांनी वीसेक वर्षं रिसेप्शनवर काम केलं. घाबरलेल्या पेशंटचा हात धरून बसणारी बाई म्हणून लोक त्यांना ओळखायचे. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती. ओळख व्हायच्या आधीच कुणी नातं जोडायला लागला, की त्या सावध व्हायच्या.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. थायलंडला जाऊन तो पहुडलेला सोनेरी बुद्ध डोळ्यांनी बघायचा. बुद्धविहारातल्या कॅलेंडरवर तो त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. शशिकांतरावांचे गुडघे साथ देत नव्हते. मग समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन तयार झाल्या. हंसाबेन खाखरे करून विकतात, आणि भाजीवाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांच्या घरची खबर त्यांना असते. समाधानने, मंदाताईंच्या मुलाने, तिकिटं आणि हॉटेल बुक करून दिलं आणि दोघी निघाल्या.

बँकॉकमध्ये त्या बुद्धासमोर मंदाताई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना नीट बघताच येईना. डोळे भरून आले होते. त्रिशरण म्हणताना आवाज दोनदा तुटला. हंसाबेननेही शेजारी हात जोडले.

बाहेर पडताना पायरीवर मंदाताईंच्या चपलेचा पट्टा तुटला. कोपऱ्यावरच्या फुलवालीने ते पाहिलं. न बोलता ती उठली, हारातला दोरा घेऊन पट्टा घट्ट बांधून दिला, हसली आणि परत आपल्या फुलांपाशी जाऊन बसली. मंदाताईंनी हात जोडले तेव्हा तिचं लक्षही नव्हतं.

त्या तिथेच चप्पल घालून चालून बघत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, मराठी का तुम्ही?"

तिशीचा तरुण, स्वच्छ शर्ट, गळ्यात कॅमेरा. नाव नीलेश म्हणाला. परक्या मुलखात चार दिवस सोबतिणीशिवाय कुणाच्या तोंडून मराठी न ऐकलेल्या माणसाला असा आवाज ऐकून काय वाटतं, ते तिथे गेलेल्यालाच कळेल. मंदाताईंनाही बरं वाटलं. "आम्ही मीरा रोडच्या," हंसाबेन म्हणाल्या. "काय सांगता! माझी आई तिथूनच पुढे, उत्तनजवळ चौकला राहते," तो म्हणाला. पाच मिनिटांत हंसाबेन 'मासी' झाल्या आणि मंदाताई 'ताई'. त्याने दोघींचे फोटो काढले, शहाळी आणून दिली, पैसे घेतले नाहीत, रिक्षा ठरवून दिली. हंसाबेनने त्याच्याबरोबर भरपूर सेल्फी काढले आणि हॉटेलचं नावही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तो हॉटेलात हजर. म्हणाला, "म्हटलं, आज बाजार दाखवतो." दाखवलाही. भाव करून दिला, पिशव्या उचलल्या. दुपारी जेवताना त्याने सहज विचारलं, "परतीचं सामान किती किलो होतंय, मासी? अजून जागा आहे ना?"

रूमवर आल्यावर मंदाताई म्हणाल्या, "हंसाबेन, हा पोरगा मला बरा वाटत नाही."

"कां? केवढी सेवा करतोय बिचारा! तुम्हाला तर सगळे चोरच दिसतात."

"सगळे नाही. काल ती फुलवाली बघितलीत ना? मदत केली आणि आपल्या कामाला लागली. हा मदत करतो आणि थांबून राहतो. आपल्या बॅगेचं वजन याला कशाला हवं?"

"दिकरा जेवो छे मारो, मुलासारखा आहे," हंसाबेन फुरंगटून म्हणाल्या आणि पाठ करून झोपल्या.

निघायच्या दिवशी नीलेश विमानतळावर सोडायला आला. ट्रॉली त्यानेच ढकलली. मंदाताई बाथरूमला जाऊन आल्या, तर ट्रॉलीवर दोघींच्या बॅगांखाली एक तिसरी बॅग. निळी, नवी, छोटं कुलूप लावलेली.

"ही कुणाची?"

"माझ्या आईची औषधं आहेत, ताई," नीलेश म्हणाला. "आणि पुतण्याची खेळणी. मासी नेते म्हणाल्या. मुंबईला माझा भाऊ पिंटू येईल घ्यायला."

"उघड बरं."

"किल्ली पिंटूकडेच आहे."

"मग आईचा नंबर दे. मी फोन करते. सांगते, औषधं घेऊन येतोय म्हणून."

"आईला ऐकू कमी येतं, ताई."

"पिंटूचा दे."

"तो ड्यूटीवर असेल." आता त्याचा चेहरा पडला. आवाज चढवून, आजूबाजूचे दोघेचौघे वळून बघतील असा तो बोलला, "परदेशात आपल्याच माणसांनी विश्वास ठेवला नाही, तर कुणी ठेवायचा? आई आजारी आहे माझी!"

हंसाबेन शरमून गेल्या. "मंदाबेन, बस करा ना!"

आजारी आईचं नाव घेतलेल्या मुलाला नाही म्हणणं सोपं नसतं. खरंच आई आजारी असली तर? पण मंदाताई एवढंच म्हणाल्या, "बाळा, मी तुला चोर म्हणत नाही. पण जी बॅग मी भरली नाही, ती माझ्याबरोबर येणार नाही."

तो लगेच हसला. "काही हरकत नाही. मासी आहेत ना." आणि हंसाबेनने ट्रॉली फिरवून थेट लाइनीत नेली.

नीलेश लांब एका खांबापाशी जाऊन उभा राहिला. तिथून हात हलवत होता. लाइन पुढे सरकत होती. मंदाताई हंसाबेनला हळू आवाजात समजावत होत्या, पण हंसाबेन ऐकायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, वचन दिलंय. मंदाताईंना मनातून एकच भीती होती. आता आपण तोंड उघडलं आणि पोलिसांनी हंसाबेनलाच धरलं तर? इथली भाषा येत नाही, आपलं म्हणणं कुणाला सांगणार? गप्प राहिलो तर कदाचित काहीच होणार नाही. नाहीतर मुंबईला उतरल्यावर हंसाबेनच्या हातात बेड्या पडतील, आणि उरलेलं आयुष्य त्या बेड्या आपल्याला डोळ्यांसमोर दिसत राहतील.

नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले आणि हसून इंग्रजीत विचारलं, "सगळ्या बॅगा तुम्हीच भरल्या आहेत ना? कुणी काही दिलं नाही ना न्यायला?"

हंसाबेनने मान हलवायला सुरुवात केली. तेवढ्यात मंदाताईंनी काउंटरवर हात ठेवला.

"नो," त्या म्हणाल्या. दवाखान्यात गर्दीच्या वेळी लागायचा तो खणखणीत आवाज होता. "धिस बॅग नॉट आवर्स. दॅट मॅन गिव्ह. वुई डोन्ट नो व्हॉट इज इनसाइड. प्लीज कॉल पोलीस."

आणि त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. नीलेशचा हलवत असलेला हात तसाच वर राहिला. मग तो वळला आणि झपाझप बाहेर चालू लागला.

हंसाबेन हे सगळं बघत होत्या. आई आजारी असलेला मुलगा औषधांची बॅग टाकून पळाला होता. त्यांनी मंदाताईंचा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "काकू..."

विशीतली एक मुलगी होती, पाठीवर सॅक आणि हातात अगदी तशीच निळी बॅग. चेहरा पांढरा पडला होता. "काकू, ही मला पण त्यानेच दिलीय. मला 'छोटी बहीण' म्हणाला. मी आता काय करू?"

मंदाताईंनी तिला जवळ ओढलं. "काही करू नकोस. बॅग खाली ठेव आणि माझ्या बाजूला उभी राहा. आणि काय झालं ते खरं खरं सांग."

तिचं नाव सान्वी. भाईंदरची, पहिल्यांदाच मैत्रिणींबरोबर फिरायला आलेली. मैत्रिणी आधीच्या विमानाने गेल्या होत्या.

अधिकारी आले. दोन्ही बॅगा तिथेच कापून उघडल्या. वर खेळणी आणि सुकवलेल्या फळांची पाकिटं. खाली, तळाशी, घट्ट दाबून बंद केलेले हिरव्या पाल्याचे, गांजाचे पुडे. अधिकाऱ्याला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, "यासकट तुम्ही भारतात उतरला असता तर..." पुढचं त्याने सांगितलं नाही. गरजही नव्हती.

तिघींना एका खोलीत बसवून विचारपूस सुरू झाली. कुठे भेटला, काय बोलला, कसा दिसतो? आणि इथे हंसाबेन जाग्या झाल्या. पदराने डोळे पुसत त्यांनी मोबाईल पुढे केला. "हा घ्या. समोरून, बाजूने, हसताना, नारळपाणी पिताना. सगळे फोटो हाय!"

अधिकाऱ्यालाही हसू आवरलं नाही. फोटो लगेच सगळीकडे गेले. विमानात बसायला बोलावणं यायच्या आत निरोप आला, की माणूस पार्किंगमध्ये टॅक्सीत बसताना सापडला. अधिकाऱ्याने स्वतः दारापर्यंत येऊन मंदाताईंपुढे वाकून हात जोडले. त्यांनीही जोडले. मग तिघी पळतच विमानाकडे निघाल्या.

विमानात हंसाबेनने मंदाताईंचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "मंदाबेन, मी तुम्हाला किती बोलले."

"बोलायचंच. मी काय सोडणार होते का तुम्हाला?"

"न्हाय सोडलं म्हणून तर आज घरी जातेय." हंसाबेन रडू लागल्या, आणि मग डबा काढून त्यांनी आसपासच्या सगळ्या प्रवाशांना खाखरे वाटले. मंदाताईंनी या वेळी त्यांना अडवलं नाही.

मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या माणसाने तिघींच्या बॅगा मशीनमध्ये घातल्या आणि जा म्हणून खूण केली. मंदाताई सांगतात, की एवढ्या ताठ मानेने त्या आयुष्यात कुठल्याही दारातून बाहेर पडल्या नव्हत्या. बाहेर समाधान उभा होता. सान्वीचे आईवडीलही होते. मुलीने फोनवर सगळं सांगितलं होतं. तिची आई पुढे आली आणि मंदाताईंच्या गळ्यात पडली.

ही गोष्ट हंसाबेनने सोसायटीभर केली, सोसायटीतून ती विहारात गेली, आणि एका रविवारी विहाराच्या सभेत मंदाताईंचा सत्कार झाला. बोलायला सांगितलं तर त्या लाजल्या. शेवटी म्हणाल्या, "लोक विचारतात, मग परदेशात कुणावर विश्वासच ठेवायचा नाही का? ठेवायचा की. पण मदत लागली तर माणूस आपण निवडायचा. त्याने आपल्याला निवडलं, तर जरा थांबायचं." टाळ्या थांबेनात. सगळ्यात मोठ्याने हंसाबेन वाजवत होत्या.

या वर्षी बिल्डिंगमधल्या आणि विहारातल्या नऊ बायका श्रीलंकेला निघाल्या, तेव्हा पुढारी कोण याची चर्चाच झाली नाही. अनुराधापूरला बोधिवृक्षाकडे जाताना रस्ता चुकला. दोन हसतमुख गाइड लगेच धावत आले, "मॅडम, इंडियन? कम, कम, माय कार!" मंदाताईंनी हात जोडून "नो, थँक यू" म्हटलं. इकडेतिकडे पाहिलं. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मंदाताई तिच्यापाशी गेल्या, वाकून नमस्कार केला आणि झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून दाखवले.

म्हातारी हसली. सूप बाजूला ठेवून उठली, कोपऱ्यापर्यंत आली आणि डावीकडे बोट दाखवून परत तांदूळ निवडायला बसली.

"चला गं," मंदाताई म्हणाल्या, आणि बाकीच्या आठ जणी पांढऱ्या साड्या सावरत त्यांच्या मागून निघाल्या.