चौथ्या कांडीचं वजन

माझं जे काही बरं झालं, ते गावच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या सरांमुळे. प्रॅक्टिकलच्या वहीत आम्ही सगळे आधी उत्तर बघायचो आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं लिहायचो. सर लाल रेघ मारायचे. "दिसलं ते लिही," एवढंच म्हणायचे. घरातला पहिला पदवीधर व्हायला मी नेरूळच्या कॉलेजात आलो, त्याचा फॉर्मही त्यांनीच भरून दिला होता.

तिथे आमची रॉकेट टीम होती. एक दिवस आपलं रॉकेट अवकाशात पोचवायचं, हे स्वप्न. इंधन आम्हीच ओतायचो. ते घट्ट झालं की त्याच्या जाड कांड्या तयार व्हायच्या. त्या तोलून वहीत लिहिणं माझं काम. इंजिनच्या चाचणीच्या आदल्या दिवशी चौथी कांडी हलकी भरली. हलकी म्हणजे आत पोकळी. ज्वाळा तिथे पोचली की दाब एकदम चढणार. पण पुन्हा ओतायचं तर चाचणी पुढे गेली असती, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बाकी तिन्हींइतकंच वजन चौथीपुढे लिहिलं.

जासईजवळच्या मोकळ्या माळावर इंजिन रोवलं. कॅप्टन, माझा रूममेट, शूटिंगसाठी वाळूच्या पोत्यांआड जवळच बसला. वारा पडला होता. उलटी मोजणी सुरू झाली तसा मी त्याला ओरडलो,

"अरे, मागे ये!"

"फाटली का रे, मास्तर?" तो हसला, पण आला.

इंजिन पेटलं, आवाज चढत गेला आणि कांड्या भरलेलं नळकांडं फुटलं. त्याचं लोखंडी झाकण पोती फाडून, तो बसला होता तिथेच रुतलेलं सापडलं.

"वाचवलंस, भावा!" त्याने मला मिठी मारली. मग वही उघडली. "वजनं तर परफेक्ट आहेत. म्हणजे नळकांडंच कच्चं."

ते शिरवण्याच्या एका लेथवाल्या काकांनी कातून दिलं होतं. कॅप्टन त्यांना नको ते बोलला. काकांनी फुटका तुकडा हातात फिरवला. "माज्या कामान खोट नाय, पोरा," म्हणाले, आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं. पुढचं काम दुसऱ्याला गेलं. कांड्या मात्र पुन्हा मीच तोलणार होतो.

त्याच संध्याकाळी सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, सा. न.
उत्तर बघून एक निरीक्षण लिहिलं. मित्र मरता मरता वाचला आणि दोष एका भल्या माणसावर गेला. उद्या वही टीमसमोर ठेवतो, मग काकांकडे जातो. मला काढतील बहुतेक. चौथ्या ओळीवर लाल रेघ मारली आहे. खाली दिसलं ते लिहिलं आहे.
आपला विद्यार्थी"