सुगंधाबाईंनी घासलेला पेला

जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सुगंधाबाईंना घेतलं ते प्रयोगशाळा झाडायला. नवरा गेल्यावर त्या अमळनेरहून भावाकडे राहायला आल्या होत्या. १९९४ साली प्रयोगशाळेतल्या चौधरी सरांनी त्यांच्याकडे बेअरिंगच्या गोळ्या घासायच्या यंत्राचा पेला धुवायचं काम दिलं. झाडूपेक्षा हे काम बाईंना मानाचं वाटलं.

पेल्यात काळाभोर तेलकट द्रव असे. त्यात लोखंडाची इतकी बारीक भुकटी, की चिमटीत कण लागू नये. खालची चुंबकं हा द्रव खाली ओढत, तशी त्यातली घासायची पावडर वर येई आणि बारा गोळ्यांना अलगद उचलून धरी. वरून दांडा फिरे आणि गोळ्या घासल्या जात. गोळ्या पोलादाहून कडक, सिरॅमिकच्या. त्यांना आरशासारखी चकाकी आणायची होती. आधी जाड पावडर, मग बारीक, शेवटी मैद्यासारखी. दर वेळी मधे पेला रॉकेलने आणि कापसाने धुवायचा.

शेवटची पावडर लावून झाली आणि सरांनी गोळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चरेच चरे. पावडर मुंबईहून आलेली. सर तक्रारीचं पत्र लिहायला बसले. शिपाई जीवराम म्हणाला, "वाळूच धाडली असेल मेल्यांनी."

बाईंचा हात झाडूवर थांबला. परवा पेल्याचा काळेपणा काही केल्या निघेना. काळं भांडं पालथं घालायची त्यांना सवय नव्हती. मग घरून पुडीत चुलीची राख आणली आणि पितळी तांब्यासारखा पेला लख्ख घासला. बोलावं, तर पेला हातचा जाणार. गप्प बसावं, तर पत्र जाईल आणि पेल्यात राहिलेल्या राखेने पुढच्या गोळ्यांवरही चरे पडतील.

"पावडरना दोष नई शे, सर," त्या म्हणाल्या. "पेलाले मी राख लायी व्हती."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "कितीदा?"

"परवा, एकदाच."

म्हणजे आधीचं काम वाचलं होतं. मधल्या पावडरीपासून पुन्हा सुरुवात, आठ दिवस. सरांनी पत्र फाडलं आणि पेला जीवरामकडे दिला. बाई पुन्हा झाडू लागल्या.

जीवरामने दोन दिवस पेला धुतला. तिसऱ्या दिवशी सरांनी कापूस आतून फिरवला, तर कडेला उरलेल्या पावडरीची खरखर लागली. त्यांनी पेला बाईंपुढे ठेवला.

"रॉकेल आणि कापूस. दुसरं काही नाही. काळा दिसला तरी चालेल."

बाईंनी सहा वेळा धुतला. शेवटचा कापूस पांढरा निघाला. पेला मात्र काळाच दिसत होता. त्यांनी तो तसाच सरांच्या हाती दिला.