सरासरीबाहेरची रमिला

खोकल्याचा किस्सा तुम्ही माझ्या तोंडून ऐकला असेल. लग्नाच्या मांडवात, शिक्षकांच्या सहलीत, चहाच्या टपरीवर — मी तो इतका रंगवलाय की माझ्याआधी तोच गावात पोचतो. पण तुम्ही ऐकलात तो अर्धा. उरलेला कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही.

आधी हसून घ्या.

मी काठीकडच्या एका पाड्यावर सातवीला शिकवायचो. बाहेरून साहेब येणार, प्रत्येक पोराकडून उतारा वाचून घेणार, गणितं घालणार, शाळेची सरासरी काढणार. उतारे नेहमी एकाच पुस्तिकेतले. मग वाचायला कशाला शिकवायचं? मी उताऱ्यांचं नाटक बसवलं! वाघ झालो, म्हातारी झालो, विहिरीत पडलो. पोरं घरी पावरी बोलणारी. मराठी त्यांना शाळेत भेटेल तेवढीच. पण कान असे, की पंधरवड्यात सगळे उतारे तोंडपाठ. तालमीत म्हातारीच्या वाक्याआधी मला एकदा ठसका लागला होता. पोरांनी तोही उचलला.

चाचणीच्या दिवशी एकेक पोर कागदावर बोट फिरवत धाडधाड 'वाचायचं' — आणि म्हातारी आली की खोकायचं. चौथं पोर खोकलं तेव्हा साहेबांनी मान वर केली. "गुरुजी, गावात साथ आहे का हो?"

इथं मी थांबतो. लोक मांड्या बडवतात. कुणीतरी चहा सांगतं.

आता पुढचं.

रमिला तालमींना नव्हती. आईबापासोबत गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, होळीसाठी परतली ती थेट चाचणीच्या सकाळी वर्गात. हजेरीत नाव होतं, म्हणून साहेबांनी बोलावलं. तिनं कागद घेतला. आणि — कसं सांगू? — ती वाचू लागली. खरोखर. एकेक अक्षर जोडत. 'म्हा' पाशी अडली, मागे गेली, परत आली. ओठ चावला. 'म्हातारी' पुरं झालं तेव्हा हसली. वर्गात त्या दिवशी वाचणारी ती एकटी होती, आणि मला घाम फुटला तो तिच्यामुळे.

गणिताला 'शिल्लक' शब्दावर अडली. माझ्याकडे बघितलं. मी काय करायचं होतं? त्याचा अर्थ सांगायचा होता. तेवढंच! मी म्हणालो, "साहेब, हिला सोडा. हिचं डोकं जरा कमी आहे."

साहेबांनी तिचा कागद बाजूला ठेवला. तशा मुलांचे गुण सरासरीत धरत नसत, हे मला पक्कं ठाऊक होतं. जीभ घसरली नव्हती. मी नेम धरला होता.

शिल्लक तिला कळलं नव्हतं. माझं वाक्य कळलं. कागद होता तिथंच ठेवून ती जागेवर गेली आणि बोट बाकावर तसंच फिरवत राहिली.

आणि मी कोण? कळसाडीकडचा. घरात अहिराणी. शाळेत 'आहे'च्या जागी 'शे' निघालं म्हणून छड्या खाल्लेला, बाकावर उभा राहिलेला. मला माहीत नव्हतं, परक्या भाषेत अडणं म्हणजे काय असतं? सगळं माहीत होतं. म्हणूनच जास्त चीड येते — आजही, हे लिहितानाही.

थांबा, अजून आहे. इथवरचं भीतीपोटी झालं असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका.

दोन दिवसांनी तिचा बाप आला. वेस्ता. होळीचं व्रत धरलेला, म्हणून अनवाणी. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. माझ्याशी तो बाजारातली अहिराणी बोलायचा. "गुरजी, पोर सांगस, तिन्हं डोकं कमी शे. खरं शे का?"

साहेब गेलेले. सरासरी निघालेली. शाळेत आम्ही दोघंच. खोटं बोलायचं काय कारण होतं?

"हाव दादा," मी म्हणालो. "थोडं कमी शे."

माझ्या आईच्या भाषेत म्हणालो.

त्यानं मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास होता, दुसरं काय? "मंग तिले संगे लई जासू," म्हणाला. होळी झाली आणि रमिला पुन्हा तोडीवर गेली. शाळेत आली नाही. आमच्या शाळेचं तालुक्यात कौतुक झालं. मला नारळ मिळाला, शाल मिळाली. ती शाल मी अजून पांघरतो.

गेल्या महिन्यात अक्कलकुव्याच्या स्टँडवर चार नव्या शिक्षकांना खोकल्याचा किस्सा सांगत होतो. अगदी रंगात. समोर मोलगीची गाडी लागली. एक बाई कडेवर पोर घेऊन गाडीपुढं उभी राहिली. कुणाला विचारलं नाही. मान वर करून पाटी वाचू लागली. मो... ल... ओठ चावला... गी.

रमिला.

मी वाक्याच्या मध्यात होतो. म्हातारी आली होती. मी खोकलो.

तिनं वळून पाहिलं. ओळखलं. मग पोराला सावरलं आणि गाडीत चढली.

चौघं हसत होते. मी किस्सा पुरा केला. नेहमीच्या जागी संपवला.